तीस किलोंची सवय

गालिचा विकला गेला, त्याच्या जागी फरशी दिसते,
फिकट, चौकोनी, सत्तावीस वर्षं ऊन न पाहिलेली.
तिच्यावर दोन सॅक आडव्या, तोंडं उघडी.
वामन टूथब्रशची दांडी कापतोय
कांदा चिरायच्या सुरीने.
"आठ ग्रॅम वाचले," म्हणतो
आणि थांबतो, मी काहीतरी म्हणावं म्हणून.

या घरात एक हातकाटा आहे, बॅग लटकवायचा.
त्याच्या आकड्याला काय काय लटकलं:
दुधाच्या पावडरीचे डबे, वन्संचा मिक्सर,
मोज्यांत गुंडाळलेल्या अत्तराच्या बाटल्या,
वाघाचं चित्र असलेलं ते जाडजूड ब्लँकेट
जे सासूबाईंनी कधी पांघरलं नाही
आणि कुणाला देऊही दिलं नाही.
तीस किलो म्हणजे तीस किलो.
वर थोडं झालं की विमानतळावर
उघड्या बॅगेपुढे उकिडवं बसून
कुणाला वगळायचं ते ठरवायचं.

आता काटा म्हणतो, नऊ.
त्या नवात दुसऱ्या कुणाचं काहीही नाही.
मला चोरी केल्यासारखं वाटतं.
परवा सवयीने ताईला विचारलं, येताना काय आणू?
ती म्हणाली, पण येणार कधी?
मी म्हटलं, रेंज जातेय.

रात्री इशाची अजान झाली की आम्ही सरावाला निघतो.
त्याच्या सॅकमध्ये बासमती, माझ्यात उकडा.
सोहारचा किनारा, ऑगस्ट,
हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर,
चष्मा नाकावरून सारखा घसरतो.
पिकअपला दोर बांधून होडी वर ओढणारा म्हातारा
हात दाखवून विचारतो, हिंद?
वामन म्हणतो, आधी ताश्कंद.
म्हातारा विचार करतो. मग खिशातून
चार खजूर काढून माझ्या तळहातावर ठेवतो,
जणू तिथपर्यंत तेवढे पुरतील.

खाली वॉचमन करीम मात्र ऐकत नाही.
"एक्झिट?" एवढंच विचारतो.
इकडे त्या शब्दात सगळं येतं:
नोकरी गेली, मुलीचं लग्न, किडनी, मयत.
"फिरायला," मी म्हणते.
"सहा महिने?"
तो माझ्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे बघतो
आणि लिफ्टचं बटण दाबून देतो.

नाव वामन. तीन पावलांत जग मोजणाऱ्याचं.
आणि याची पावलं
स्मेल्टरच्या दोन नंबर गेटपासून हजेरीच्या मशिनपर्यंत,
तिथून कँटीन, तिथून बस.
मी कधी बोलून दाखवलं नाही.
आता तो रात्री नकाशा पोटावर घेऊन झोपतो
आणि झोपेत कुणाशी तरी भाडं ठरवतो.

रक्तदाबाच्या गोळ्या, पट्ट्यांमधून सोडवून, एका डबीत.
बांगड्या लॉकरमध्ये. पडदे तमिळ बाईंना.
मेतकुटाची पुडी मी रेनकोटाच्या आत सरकवली.
त्याला सापडली, अर्थात.
एकशेऐंशी ग्रॅम, काट्यावर ठेवून बघितली त्याने,
वास घेतला,
मग आपला दुसरा टॉवेल बाहेर काढला
आणि पुडी होती तिथेच ठेवली.
तो टॉवेल चांगला होता. मला राग आला,
का ते नाही सांगता येणार.

दिवा मालवून फरशीवर पडलोय दोघं.
भिंतीपलीकडे ब्लेसीची ड्यूटी संपली असावी.
शिट्टी होते.
माझा कुकर. काल दिला तिला.
दुसरी शिट्टी, जरा फाटकी, रबर बदलायचं राहिलं होतं.
तिसरीला माझा हात उठतो,
गॅस बंद करायला, अंधारात, काहीच नसलेल्या बाजूला.
वामन तो हात धरतो, खाली ठेवतो.

चौथी होते.
भात मऊ आवडत असेल तिला.